सोलापुरात निळ्या फुलांचं रॉक गार्डन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमालयातल्या निळ्या फुलांचे फोटो पाहिले की ती आपल्या अंगणात हवीशी वाटतात, आणि मग प्रश्न सुरू होतात. ते प्रश्न आणि सोलापूरची हवा, माती, पाणी यांना धरून दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भूमिका आधीच सांगतो. उंच पर्वतावरची झाडं इथे आणण्याचा हट्ट धरू नये. ती झाडं सांभाळणाऱ्या माळ्यांची रीत, म्हणजे दगड मांडून त्यांच्या फटींत झाडं लावायचं रॉक गार्डन, मात्र जरूर घ्यावी, कारण ती दगड-मुरमाच्या आपल्या मुलखाला फार छान लागू पडते.

हिमालयातली निळी पॉपी सोलापुरात जगेल का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त पैसेही इथेच वाया जातात, म्हणून उत्तर स्पष्ट देतो.

ही पॉपी मेकोनॉप्सिस गटातली. भूतानचं ते राष्ट्रीय फूल आहे. आपल्याकडे सिक्कीम आणि अरुणाचलात तिच्या जाती आहेत. उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये दिसते ती काटेरी जात, मेकोनॉप्सिस अ‍ॅक्युलिएटा. हवा दर हजार मीटर उंचीला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. पॉपीचं घर साडेतीन हजार मीटरवर धरलं, तर निव्वळ उंचीमुळेच वीस अंशांचा फरक पडतो.

लोकांना वाटतं, दुपारचं ऊन अडवलं की काम झालं. पण खरा घात रात्र करते. झाड दिवसा साखर तयार करतं आणि रात्री श्वसनात त्यातली काही खर्च करतं. डोंगरावरच्या गार रात्रीत हा खर्च अगदी कमी असतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीचा पारा पंचवीसच्या खाली उतरता उतरत नाही. अशा रात्री झाड दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त खर्च करतं आणि आतून रिकामं होत जातं. सावलीची जाळी लावून दुपार सौम्य करता येते, रात्र करता येत नाही.

अजून एक गोष्ट ऐका. १९२४ मध्ये वनस्पतिशोधक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी तिबेटातल्या त्सांगपो नदीच्या भागातून या पॉपीचं बी ब्रिटनला नेलं. तिथे आजही ती स्कॉटलंडच्या गार, ओलसर हवेत सुखाने फुलते आणि इंग्लंडच्या दक्षिणेतल्या कोरड्या, उबदार बागांमध्ये रुसते. तिथला उन्हाळा तिला सोसत नसेल, तर आपल्या वैशाखाचं काय!

एसीच्या खोलीत ठेवली तर?

खोलीतला एसी सोळा-अठरा अंशांवर चालवता येतो, पण एवढ्याने भागत नाही. या झाडांना हिवाळ्यात कित्येक आठवडे शून्याच्या आसपासची थंडी लागते, त्याशिवाय ती पुढच्या हंगामात उठत नाहीत. त्यात खोलीतला उजेड डोंगरावरच्या उजेडाच्या मानाने फारच कमी, आणि एसी हवा कोरडी करतो ते वेगळंच. लंडनच्या क्यू उद्यानात २००६ मध्ये उघडलेलं डेव्हिस अल्पाइन हाउस खास अशा झाडांसाठी बांधलं आहे. काचेच्या उंच छताखाली, जमिनीतल्या भुयारी मार्गांतून गार झालेली हवा झाडांवर सोडतात. लंडनसारख्या थंड गावात एवढी खटपट करावी लागते. आपण महिन्याचं वीजबिल त्यावर घालवण्यापेक्षा त्या पैशात चांगला मुरूम आणि दगड आणावा.

आणि थंड डोंगरांवरची जेन्शियन? तिचा निळा तर अगदी गडद असतो.

खरंच असतो. त्या निळ्याला जोड नाही. पण आल्प्समधली जेन्शियाना अकॉलिस ही तिच्या घरच्या हवेतल्या बागांमध्येसुद्धा लहरी म्हणून प्रसिद्ध आहे. पानांची गादी छान वाढते आणि वर्षानुवर्षं फूल येत नाही, अशी तक्रार युरोपातले जुने माळीही करतात. हिमालयातली जेन्शियाना कुरू औषधासाठी मुळं उपटून उपटून अतिसंकटग्रस्त झाली आहे, तिच्या वाटेला जाऊच नये.

याच कुळातलं एक झाड मात्र उष्ण मुलखातलं आहे: एक्झॅकम अफाइन. येमेनच्या सोकोत्रा बेटावरचं हे छोटं झुडूप. निळसर जांभळी फुलं, मधोमध पिवळे परागकोश, मंद सुवास. बी धुळीइतकं बारीक असतं आणि उजेडात उगवतं, म्हणून मातीने झाकायचं नाही. दसऱ्याच्या सुमारास कुंडीत पेरा, सकाळचं कोवळं ऊन द्या. थंडीच्या हंगामापुरतं झाड समजून लावलं तर मनासारखी फुलं देतं. उन्हाळ्यात टिकवायचा प्रयत्न करू नका.

ऑनलाइन निळ्या पॉपीचं, निळ्या गुलाबाचं बी मिळतं. घ्यावं का?

निळ्या गुलाबाचं बी घेऊ नका, कारण तसा गुलाबच नाही. फुलात गर्द निळा उतरायला बहुतेक वेळा डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य लागतं आणि गुलाबाला ते तयार करता येत नाही. जपानमध्ये सनटोरी कंपनीने पॅन्सीचं जनुक घालून गुलाब तयार केला, २००९ मध्ये तो बाजारात आला, आणि तोही फिकट जांभळाच आहे. पाकिटावरचा शाईसारखा निळा गुलाब हा संगणकावर रंगवलेला असतो.

पॉपीचं बी खरं असलं तरी ते नेहमीच्या तापमानाला लवकर मरतं. गोदामात आणि कुरियरच्या गाडीत उन्हाळा काढलेलं बी उगवण्याची आशा नाही. परदेशातून थेट मागवायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हा नियम शेतकऱ्याच्या भल्याचा आहे. परक्या बियांबरोबर आलेला एखादा रोग आपल्या डाळिंबाच्या बागांना परवडणारा नाही.

मग सोलापुरात रॉक गार्डन करण्यात अर्थ काय?

अर्थ खूप आहे. अल्पाइन, म्हणजे उंच पर्वतावरची, झाडं जिथे वाढतात तिथे माती थोडी, खडे फार, पाणी पडलं की लगेच वाहून जाणारं, आणि मुळं मात्र दगडांच्या फटीत खोल, गारव्याला. हे वर्णन आपल्या माळरानाचंही आहे. फरक एवढाच की तिकडे झाड थंडीत बर्फाखाली निजतं आणि उन्हाळ्यात फुलतं. आपल्याकडे ते चैत्र-वैशाखात निजतं आणि पावसापासून शिमग्यापर्यंत फुलतं. वर्षाचा काटा उलटा फिरवला की तीच रीत इथे चालते.

नात्यागोत्यानेही आपण लांब नाही. एरिट्रिकियम नानम नावाचं चिमुकलं निळं फूल युरोपात ‘आल्प्सचा राजा’ म्हणून ओळखलं जातं. ते बागेत जगवणं भल्याभल्यांना जमलेलं नाही. त्याच कुळातला छोटा कल्पा आपल्या माळावर, बांधावर, कोणी न लावता फिकट निळा फुलतो. आणि निळ्या पॉपीच्या कुळातला पिवळा धोतरा तर प्रत्येक मोकळ्या प्लॉटमध्ये उभा आहे, जरी तो मुळात मेक्सिकोहून आलेला असला तरी.

इथल्या हवेत कोणती निळी फुलं खात्रीने येतात?

पहिलं नाव जवसाचं. युरोपातल्या रॉक गार्डनमध्ये बहुवर्षायू निळं जवस मानाने लावतात, आणि आपलं चटणीचं जवस त्याचंच भावंड. रब्बीच्या ज्वारी-करडईच्या रानात जवसाचे पट्टे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो निळा वेगळा सांगायला नको. सकाळी सगळं शेत आकाशी, दुपारी पाकळ्या गळून हिरवं. किराणा दुकानातलं न भाजलेलं जवस सहसा उगवतं. ऑक्टोबरमध्ये दगडांच्या मधल्या फटींत विरळ पेरा, रोप हलवू नका, खत जवळजवळ देऊ नका. दीड-दोन महिन्यांत फुलायला लागतं. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरत गेलात तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतरही फुलं चालू राहतात. माझं मत विचाराल तर ज्याला फक्त एकच निळं झाड लावायचं आहे त्याने जवस लावावं.

दुसरं विष्णुक्रांता. मुरमाड जमिनीवर जमिनीसरशी पसरणारं, बारीक केसाळ पानांचं आणि बोटाच्या नखापेक्षाही लहान निळ्या फुलांचं. हे कुंडीत नाही, तर दगडाच्या कडेने ओघळतानाच शोभतं. खोल मूळ आणि पानांवरची लव ही अल्पाइन झाडांचीच लक्षणं त्याला आहेत. ओलावा जास्त झाला तर मात्र बुंध्याशी कुजतं.

नर्सरीत ‘ब्लू डेझ’ नावाने मिळतं ते याच गटातलं ब्राझीलकडचं झाड. फूल मोठं, रंग स्वच्छ निळा, वाढ जोमदार. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी. छाट रुजते, वर्षातले बरेच महिने फुलतं, आणि मेमध्ये कसंबसं दिसलं तरी मृगाच्या सरी पडताच पुन्हा पालवतं. पूर्ण ऊन हवं. सावलीत नुसती पानं वाढतात.

प्लंबॅगो, म्हणजे निळा चित्रक, दक्षिण आफ्रिकेतला. आभाळी रंगाचे घोस. याचा पसारा मोठा होतो, म्हणून रॉक गार्डनच्या मागच्या, उंच बाजूला लावा आणि बहर ओसरला की निर्दयपणे छाटा, कारण फूल नव्या फुटव्यावर येतं. या झाडावर झेब्रा ब्लू नावाचं इवलंसं फुलपाखरू अंडी घालतं. अळ्यांनी कळ्या थोड्या खाल्ल्या तर खाऊ द्याव्यात, फवारणी करू नये.

अँजेलोनिया आणि निळी साल्व्हिया या दोघी उन्हाला दाद देत नाहीत. रंग जांभळ्याकडे झुकणारा आहे, पण उभ्या तुऱ्यांमुळे पसरट झाडांमध्ये उठाव येतो.

थंडीपुरती पेरायची झाडं म्हणजे लार्कस्पर, कॉर्नफ्लॉवर, नायजेला आणि लोबेलिया. पैकी लार्कस्परचं बी पेरण्याआधी दोन आठवडे ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात ते नाहीतर उगवायला कुरकुर करतं. लार्कस्पर आणि नायजेला जागेवरच पेरायची, रोप हलवलेलं त्यांना खपत नाही.

गोकर्ण? तो कुंपणावर छान. रॉक गार्डनमध्ये लावलात तर महिन्याभरात दगड दिसायचे बंद होतील. केना निळा असला तरी मुद्दाम आणू नका, एकदा घुसला की निघत नाही.

आमच्याकडे काळीभोर माती आहे. त्यातच दगड मांडले तर चालेल का?

चालणार नाही. काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. पावसाळ्यात दगड हलतात, उन्हाळ्यात मुळं तुटतात. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि त्या महिन्यात चिकणमातीत पाणी तुंबून विष्णुक्रांता, ब्लू डेझ, छोटा कल्पा ही सगळी बुंध्यातून जातात. रॉक गार्डनमधलं मरण बहुतेक वेळा उन्हाने येत नाही, तुंबलेल्या पाण्याने येतं.

म्हणून काळ्या मातीवर उंचवटा करायचा, दीड-दोन फुटांचा. तळाला विटांचे तुकडे, फुटकी कौलं, बांधकामाचा निवडलेला राडारोडा. त्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि प्लॅस्टिक येऊ देऊ नका. त्यावर जाडा मुरूम. वरच्या फूटभर थरासाठी दोन घमेली बारीक मुरूम, एक घमेलं जाडी वाळू आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. वाळू मिळत नसेल तर क्रश सँड चालते, पण ती आधी धुऊन घ्या; तिच्यातली पूड सिमेंटसारखी घट्ट बसते आणि निचरा बंद करते. ज्या कोपऱ्यात फक्त जवस आणि विष्णुक्रांता असेल तिथे खत अर्धं करा. सुपीक मातीत ही झाडं लांबट, लुळी होतात आणि फुलं कमी देतात.

सगळं मांडून झालं की झाडांच्या बुंध्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर बारीक खडी पसरा. अल्पाइन झाडांचे माळी ही खडी कधीच विसरत नाहीत. तिच्यामुळे बुंधा कोरडा राहतो, मातीतली ओल टिकते, पावसाच्या माऱ्याने चिखल पानांवर उडत नाही आणि तणही कमी येतं.

दगड कोणता आणि कसा मांडायचा?

इथला काळा दगडच घ्या. खाणीतला ओबडधोबड, कोनेरी. नदीतले गुळगुळीत गोटे ढिगासारखे दिसतात आणि त्यांच्यात मूळ धरायला फटही राहत नाही. प्रत्येक दगडाचा एक तृतीयांश भाग मातीत गाडा आणि वरचा पृष्ठभाग किंचित मागे कलता ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी मागे मुरून मुळांपर्यंत जातं. दगडांच्या रेषा एकाच दिशेला असू द्या. जमिनीतून वर आलेला कातळ दिसला पाहिजे.

काळा दगड तापतो, हे खरं. म्हणून झाड दगडाच्या पश्चिमेला नाही, पूर्वेला लावायचं. सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी दोन-तीननंतर दगडाचीच सावली पडते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा भर माध्यान्ही कुठलाच दगड आडोसा देत नाही. त्या महिनाभरासाठी वर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी ताणा.

आणखी एक पद्धत आपल्याला फार सोयीची आहे. चेक देशातल्या माळ्यांनी फटींची बाग प्रसिद्ध केली: चपटे दगड उभे, एकमेकांशेजारी गाडायचे आणि मधल्या दोन-तीन बोटांच्या फटींत मुरूम-वाळू भरून झाडं लावायची. मूळ फटीतून सरळ खाली, गारव्याला जातं. आपल्याकडे शहाबादी फरशीचे तुकडे प्रत्येक बांधकामावर पडून असतात, आणि ते या कामासाठीच घडवल्यासारखे आहेत. फरश्या उत्तर-दक्षिण उभ्या करा, म्हणजे पश्चिमेचं ऊन पश्चिमेकडची फरशी अडवते. शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्याने आम्लधर्मी माती मागणाऱ्या झाडांना तो चालत नाही. पण वर सांगितलेल्या जवस, विष्णुक्रांता, ब्लू डेझ यांना तो बाधत नाही.

गच्चीवर रॉक गार्डन करता येईल?

दगड-मुरमाचा थर थेट स्लॅबवर टाकू नका. एक फूट जाडीचा ओला मुरूम दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जातो. गच्चीच्या स्लॅबला लोकांच्या वावरासाठी साधारण दीडशे किलोचा भार धरलेला असतो. हिशोब कुठल्याच बाजूने बसत नाही, आणि जुन्या माळवदाच्या घरांना तर हा विचारही नको.

गच्चीसाठी उथळ, रुंद कुंड्या घ्या, खाली तुळई किंवा भिंत असेल अशा कडेलाच ठेवा, आणि त्यात मुरमाच्या जोडीला परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) किंवा भाजक्या विटांचे बारीक तुकडे वापरून वजन कमी करा. अंगण असेल तर गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण शोधा. ब्रिटनमध्ये अल्पाइन झाडांसाठी लोक अशाच जुन्या दगडी डोण्या जपून वापरतात. तळाला दोन-तीन भोकं पाडून घेतली की डोणीत एक अख्खं छोटं डोंगरमाथ्याचं चित्र उभं राहतं.

उन्हाळ्यात मुळं गार कशी ठेवायची?

इथे सोलापूरची कोरडी हवा आपल्या बाजूने आहे. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच कारण कुंडीलाही लागू आहे. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने ओला पृष्ठभाग चोवीसच्या जवळपास उतरू शकतो. प्रत्यक्षात तेवढा उतरत नाही, पण आठ-दहा अंशांचा फरक सहज पडतो. न रंगवलेली मातीची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा, मधली जागा वाळूने भरा आणि पाणी झाडाला न देता त्या वाळूला द्या. बुंधा कोरडा, मूळ गार. अल्पाइनचे माळी कुंड्या वाळूच्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरतात, त्याचं हे आपलं रूप. ऑइलपेंट लावलेली किंवा प्लॅस्टिकची कुंडी यात उपयोगाची नाही.

पावसाळ्यात मात्र ही दुहेरी मांडणी मोडा, नाहीतर वाळूत पाणी साचून राहील.

नळाला पाणी रोज येत नाही, बोअरचं पाणी खारट. काय करू?

नीट रुजलेल्या रॉक गार्डनला रोज पाणी लागतही नाही. थंडीत आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा, पण दिलं की भरपूर आणि सकाळी लवकर. वरवर रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि मेमध्ये भाजतात.

बोअरच्या पाण्याने खडीवर आणि कुंडीच्या कडांवर पांढरा थर दिसायला लागला की क्षार साठले असं समजा. महिन्यातून एकदा नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी एवढं द्या की तळातून बराच वेळ वाहत राहील. क्षार त्याबरोबर धुऊन जातात. निचरा चांगला असल्याशिवाय ही धुलाई होत नाही. घरी पागोळीचं पाणी पिंपात धरत असाल तर ते एक्झॅकम आणि लोबेलियासाठी राखून ठेवा.

पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हा कुठला रोग?

रोग नाही, लोहाची कमतरता. आपली माती आणि पाणी दोन्ही अल्कधर्मी, त्यामुळे जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. प्लंबॅगोवर हे जास्त दिसतं. कृषी केंद्रात सहसा ईडीटीए स्वरूपातलं लोह हातात देतात, पण ते आपल्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचए स्वरूपातलं मागा. ते अल्कधर्मी मातीतही काम करतं. डाळिंबवाल्यांना हे नाव माहीत असतं. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घालू नका.

तुरटी घातली की फुलं जास्त निळी होतात म्हणे?

फक्त हायड्रेंजियाची, आणि तीही आम्लधर्मी मातीत. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम त्या झाडाने उचलून पाकळीपर्यंत नेलं की गुलाबी रंग निळा होतो. आपल्या अल्कधर्मी मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळतच नाही. बाकी झाडांना तुरटी घालून काहीही होत नाही, झालंच तर मुळांचं नुकसान होतं.

निळा रंग ठरतो तो पाकळीच्या पेशीतल्या रसाच्या आम्लतेवर आणि रंगद्रव्याला चिकटलेल्या धातूंच्या कणांवर. गोकर्णीच्या फुलांचं निळं पाणी करून त्यात लिंबू पिळा, लगेच जांभळं होईल. खायचा सोडा टाकला तर हिरवटाकडे जाईल. तसाच बदल प्रत्येक फुलाच्या आत ठरलेला असतो आणि तो आपल्याला बाहेरून हलवता येत नाही. एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. कडक उष्णतेत हे रंगद्रव्य कमी तयार होतं आणि फुलं फिकी येतात. तेच झाड डिसेंबरात फुललं तर रंग गडद येतो. म्हणून पेरणी अशी करा की बहर थंडीत यावा.

दुपारी सगळी फुलं मिटलेली असतात. काही चुकतंय का?

काही चुकत नाही. जवस, विष्णुक्रांता, ब्लू डेझ ही सकाळची फुलं. कामावर जाणाऱ्यांनी बाग अशी मांडावी की सकाळी चहा घेताना दिसेल. संध्याकाळी पाहायची असेल तर जोडीला प्लंबॅगो आणि साल्व्हिया हवीत, ती दिवसभर उघडी असतात. सकाळी आठ-नऊला साल्व्हियावर निळ्या पट्ट्यांची एक जाडसर माशी घिरट्या घालताना दिसेल. ती एकटी राहणारी मधमाशी आहे, बहुधा मातीत बीळ करते. तिला हाकलू नका.

मस्कारी, हायसिंथ यांसारखे कंद सोलापुरात फुलतील का?

एका हंगामापुरते, हो. या कंदांना थंडी लागते आणि ती फ्रिज देऊ शकतो. ऑक्टोबरात आणलेले कंद कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात दहा-बारा आठवडे ठेवा. त्याच कप्प्यात सफरचंद, केळी ठेवू नका. पिकत्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. जानेवारीच्या सुरुवातीला उथळ कुंडीत लावून गार, उजेडाच्या जागी ठेवा. फूल येऊन गेल्यावर कंद पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही, आपल्या उन्हाळ्यात तो पुन्हा ताकद धरत नाही. पैसे परवडत असतील आणि एकदा बघायचीच हौस असेल तर करा.

कासच्या पठारावरून निळ्या फुलांची रोपं आणावीत का?

अजिबात नको. सीतेची आसवं आणि आभाळी ही निळी फुलं पाहून मोह होतो हे मी समजू शकतो. पण सीतेची आसवं ही कीटक खाणारी वनस्पती आहे. जांभ्या दगडावरून सतत पाझरणारं, क्षार नसलेलं पाणी तिला लागतं. सोलापूरच्या नळाच्या पाण्यावर ती आठवडाभर टिकणार नाही. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या त्यांत कास आहे, आणि तिथलं एक रोप उपटणं हाही गुन्हाच. हेच नान्नजच्या माळढोक अभयारण्याला लागू आहे. माळावरचं छोटा कल्पा किंवा विष्णुक्रांता हवं असेल तर आपल्या ओळखीच्या शेताच्या बांधावरून, मालकाला विचारून, दिवाळीनंतर सुकलेली बोंडं चिमूटभर घ्या. रोप उपटून आणलेलं जगत नाही, त्याचं मूळ खोल असतं.

यातलं कुठलं झाड विषारी आहे?

लार्कस्परचं बी आणि पानं विषारी आहेत. घरात लहान मूल किंवा शेळी असेल तर ते लावूच नका. प्लंबॅगो छाटताना हातमोजे घाला, चीक लागून त्वचेवर फोड येऊ शकतात. छोटा कल्पाचा काढा करून पिणारे लोक आहेत, पण त्यात यकृताला घातक असे अल्कलॉइड असतात, तेव्हा तो पाहण्यापुरताच ठेवा.

सुरुवात कधी करावी?

दगड आणि मुरमाचं काम एप्रिल-मेमध्ये उरका, म्हणजे वळवाच्या आणि मृगाच्या पावसात भराव नीट बसेल. जिथे खचेल तिथे जुलैत मुरूम टाका. ब्लू डेझ आणि प्लंबॅगो जुलै-ऑगस्टमध्ये लावा. सप्टेंबरचा मोठा पाऊस होऊन गेला की पाणी कुठे थांबतंय ते पाहा आणि तिथला उतार दुरुस्त करा. जवस, लार्कस्पर, कॉर्नफ्लॉवर यांची पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, रात्री जरा गार व्हायला लागल्या की. पहिल्या वर्षी चार-पाचच जाती घ्या, त्यातही जवस आणि ब्लू डेझ असू द्या; बाकीच्यांची जागा दुसऱ्या वर्षी, दगड कुठे तापतो आणि ओल कुठे टिकते हे कळल्यावर ठरवा.